डावं पुढचं दार

ज्ञानदीपच्या विजय नगरच्या फ्लॅटला आज एकही दार नाही. बाहेरचं नाही, बाथरूमचं नाही, कपाटाचंसुद्धा नाही.

बरं, हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही. असं काही झालेलं नाही. दारं जागच्या जागी आहेत. आपण पहिल्यापासून सुरू करू.

गोष्ट शंभर टक्के खरी आहे. नावंही बदललेली नाहीत. "नाव बदलू का?" असं मी ज्ञानदीपला विचारलं होतं. तो म्हणाला, "रहने दो भिया. त्यांना माझं खरं नाव माहीतच आहे."

तारीख अकरा ऑक्टोबर, शनिवार. वेळ दुपारी साडेतीन. जागा तुकोगंज, डोळ्यांच्या एका दवाखान्याबाहेर. भयकथेला रात्र लागते हे मलाही कळतं. पण हे दुपारी झालं, त्याला मी काय करू?

ज्ञानदीपकडे एक फोर बाय फोर होती. तीच ती, जिचं छत क्लिपा उघडल्या की निघतं आणि दारं बिजागरीचे बोल्ट काढले की निघतात. माणूस एवढे पैसे भरून गाडी घेतो आणि मग तिचे भाग काढून घरी ठेवतो. त्याला मोकळी हवा म्हणतात. त्या दिवशी सकाळी त्याने आणि त्याच्या मित्राने, धनेशने, रील काढण्यासाठी छत आणि चारही दारं उतरवून पार्किंगमध्ये चादरीत गुंडाळून ठेवली होती.

आणि दुपारी त्याला आजोबांना न्यायचं होतं.

धोंडिबा आजोबा महूचे. वय एक्क्याऐंशी. फौजेत चोवीस वर्षं ड्रायव्हर. चोवीस वर्षांत एकही अपघात नाही. तसं सर्टिफिकेट बैठकीत बाबासाहेबांच्या फोटोखाली फ्रेम करून लावलेलं. पाहुण्याला पाणी नंतर मिळायचं, सर्टिफिकेट आधी.

त्यांची एक शिस्त होती. गाडी सुरू करण्याआधी ते विचारायचे, "लावलं?"

प्रत्येकाने आपापल्या दाराचा रिपोर्ट द्यायचा. "डावं पुढचं, लावलं!" "उजवं मागचं, लावलं!" रिपोर्ट आला नाही तर गाडी हलायची नाही. एकदा सगळे रिक्षात बसले होते. तिथेही आजोबांनी सवयीने विचारलं, "लावलं?" सात वर्षांचा ज्ञानदीप ओरडला, "दारच नाही, आजोबा!"

आजोबांनी त्याची पाठ थोपटली. "शाबास. नाही तर नाही म्हणायचं. खोटा रिपोर्ट माणूस मारतो."

हे लक्षात ठेवा.

तर, दवाखान्याबाहेर. आजोबांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. डोळ्यावर हिरवी पट्टी, वर काळा चष्मा. उजव्या डोळ्याला तसंही जेमतेम दिसायचं. त्यांनी वॉचमनला "जय भीम" केला. ज्ञानदीपने त्यांना दोन्ही हातांनी धरून डाव्या सीटवर चढवलं.

"लावलं?"

ज्ञानदीपला हसू आलं. दोन मिनिटांची गंमत करू, मग सांगू, असं त्याने ठरवलं. त्याने गाडीच्या पत्र्यावर जोरात तळहात मारला.

धप्.

"डावं पुढचं, लावलं!"

गाडी निघाली. दोन मिनिटं झाली. वीस झाली. आजोबा खुशीत होते. त्यामुळे सांगायचं राहिलं.

"वारा लई येतोय रे ज्ञाना."

"काच खाली आहे, आजोबा."

"पट्टा कुठाय?"

"गरज नाही. बीप होत नाहीये बघा."

बीप होत नव्हती, कारण सीटच्या खाचेत त्याने ती बाजारात मिळते ती खोटी क्लिप अडकवली होती. गाडीला वाटत होतं पट्टा लावलाय. आजोबांना वाटत होतं दार लावलंय. खरं काय ते एकट्या ज्ञानदीपला माहीत होतं, आणि तो गाणं लावत होता.

महूच्या अलीकडे एक उजवं वळण आहे. आजोबांनी, आयुष्यभर प्रत्येक ड्रायव्हर ठेवतो तसं, कोपर दारावर टेकवलं...

दारावर.

मी पुढचं सांगत नाही.

रात्री आठपर्यंत धनेशने आणि त्याने चारही दारं परत बसवली. दुसऱ्या दिवशी पोलीस गाडी बघायला आले. ज्ञानदीप त्यांना म्हणाला, "आजोबांनी चालत्या गाडीत दार उघडलं." एका हवालदाराने डावं दार चार वेळा उघडून लावून पाहिलं आणि म्हणाला, "दरवाज़ा तो एकदम बढ़िया है." कागदावर ओळ उतरली: मृतक ने चलती गाड़ी का दरवाज़ा स्वयं खोला.

आजोबांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेले लोक हळू आवाजात बोलत होते. "शेवटी शेवटी कळत नव्हतं त्यांना." "फौजी ड्रायव्हर असून बघा." ज्ञानदीपच्या बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठून सर्टिफिकेटची फ्रेम काढली आणि ट्रंकेत ठेवून दिली.

ज्ञानदीप जेवत होता. त्याने खीर दोनदा घेतली.

जानेवारीतला रविवार. सकाळचे दहा.

"तीन महिने झाले यार," धनेश म्हणाला. "अब तो खोल. मानपुरला जाऊ, धूप खाऊ."

छत उतरलं. चारही दारं उतरली. दारं नसली की या गाडीच्या स्क्रीनवर वरून दिसणारं गाडीचं चित्र येतं आणि चारही दारं लाल दिसतात. म्हणजे उघडी. कायम.

ज्ञानदीपने चावी फिरवली.

तीनच दारं लाल होती...

डावं पुढचं दार स्क्रीनवर बंद होतं.

"सेन्सर गया," धनेश म्हणाला आणि हवेतून आत येऊन डाव्या सीटवर बसला. त्याच्यामागे आवाज आला.

धप्.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघेही हसले. दोन शहाणी माणसं भर उन्हात दुसरं काय करणार?

मानपुरपर्यंत काही झालं नाही. फक्त धनेश दोनदा म्हणाला, "अजीब है यार, माझ्या बाजूने वाराच येत नाहीये."

चहाच्या टपरीसमोर गाडी थांबली. धनेश उतरायला वळला...

आणि त्याचं नाक फुटलं.

हवेवर.

टपरीवरच्या सहा माणसांनी हे पाहिलं. दार नसलेल्या गाडीत बसलेला एक मोठा माणूस हवेला लाथा मारत होता, आणि हवा हलत नव्हती. शेवटी तो ज्ञानदीपच्या मांडीवरून रांगत उजव्या बाजूने बाहेर आला. टपरीवाल्याने विचारलं, "भिया, कट चाय या फुल?"

तेवढ्यात रिकाम्या डाव्या सीटवरून, अगदी साध्या आवाजात, कुणीतरी विचारलं...

"लावलं?"

रागाने नाही. शिस्तीत. जसा रोज विचारायचे तसाच आवाज.

आता एक अडचण होती. ज्ञानदीपचं घर भूत मानत नाही. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा पाठ असलेलं घर आहे ते. खुद्द आजोबा भुताच्या गोष्टी सांगणाऱ्याला घराबाहेर काढायचे. त्यामुळे त्यांना भूत म्हणणं हा त्यांचा अपमान झाला असता. ज्ञानदीपने स्वतःला समजावलं: हे भूत नाही. हे फक्त आजोबा आहेत, आणि चिडलेत.

याने धीर येईल असं त्याला वाटलं होतं.

नऊ दिवसांनी धनेश भाड्याच्या टॅक्सीत मागे बसला होता. चांगली बंद, साधी टॅक्सी. तो दाराला टेकून डुलकी घेत होता आणि रस्त्यावर पडला. खांद्याचं हाड, दोन बरगड्या. टॅक्सीवाला रडकुंडीला आला. "साब, दरवाज़ा लॉक था! अभी भी लॉक है!"

लॉकच होतं. टॅक्सी धनेशशिवाय शंभर फूट पुढे गेली, तेव्हाही ते दार बंदच होतं.

धनेशने हॉस्पिटलमधून फोन केला. "मेरा हो गया, भिया," तो म्हणाला. "बोल्ट मी आवळले होते, तेवढंच माझं होतं. खोटं बोलला तू होतास."

मग ज्ञानदीपच्या घरात सुरू झालं.

त्याची बायको प्रीती नागपूरची, इथे कॉलेजात शिकवते. ती सकाळी ओरडली, "ज्ञानदीप! बाथरूमचं दार का नाही लावत तू? वाट पाहून राहिलीये मी, तू उघड्यावर काय गात बसलाय!"

तो आत होता. त्याने कडी लावली होती. कडी त्याला दिसत होती.

दुसऱ्या दिवशी त्याने फ्रिजचं दार लावलं आणि रात्रभर सगळं दूध बाहेर ठेवल्यासारखं नासलं. तिसऱ्या दिवशी तो बेडरूमच्या उघड्या दारातून आत जायला गेला आणि कपाळावर टेंगूळ आलं.

जिथे दार होतं तिथे ते नव्हतं. जिथे नव्हतं तिथे होतं. आणि दर वेळी, आधी किंवा नंतर... धप्.

पण खरी गोष्ट ऑफिसात घडली. सातवा मजला, सकाळचे अकरा. ज्ञानदीप लिफ्टची वाट पाहत होता. लिफ्टचं दार बंद होतं. चकचकीत स्टीलचं, त्यात त्याला स्वतःचा चेहरा दिसत होता. तो मोबाइल बघत सवयीने दाराला खांदा टेकवायला निघाला...

"लावलं?"

आवाज त्याच्या डाव्या कानाशी आला.

तो थांबला. खांदा आणि स्टील यांच्यात चार बोटांचं अंतर होतं. स्टीलमध्ये त्याचा चेहरा होता. पण चेहऱ्याच्या आतून गार वारा येत होता. ग्रीसचा वास असलेला. खूप खालून.

त्याला रिक्षा आठवली. पाठीवरची थाप आठवली.

"नाही," तो म्हणाला. "नाही लावलं, आजोबा. दारच नाही. तेव्हाही नव्हतं."

स्टील गेलं.

समोर काळी पोकळी होती, तारा होत्या, आणि सात मजले होते.

तो तिथून जिन्याने उतरला आणि थेट महूला गेला. बाबांसमोर उभं राहून सगळं सांगितलं. पत्र्यावरची थाप, खोटी क्लिप, सगळं.

बाबा म्हणाले, "वारा येतोय म्हणाले होते ना ते?"

"हो."

"आणि तू काय म्हणालास?"

"काच खाली आहे म्हणालो."

बाबांनी मान हलवली. "मी त्यांची फ्रेम उतरवली, ज्ञाना. माझ्या हाताने." मग दाराकडे बोट केलं. "मला नको सांगूस. जिथे लिहिलंय तिथे खोडून ये. तोवर या घरात पाय ठेवू नको."

ज्ञानदीप पोलीस ठाण्यात गेला. तोच हवालदार भेटला. त्याने शांतपणे सगळं ऐकलं, पाणी दिलं.

"देखो, दादा गए, दुख होता है. पर दरवाज़ा तो था. मैंने खुद चार बार खोल के देखा. क्या आवाज़ थी!"

"साहेब, आम्ही नंतर बसवलं. माझ्या मित्राला विचारा."

धनेशला विचारलं. धनेश फोनवर म्हणाला, "कौन सा दरवाज़ा?" आणि फोन ठेवला. त्याचं झालं होतं ना.

"फाइल बंद है," हवालदार म्हणाला. "बहुत मन हो तो आवेदन दे दो."

त्या संध्याकाळी ज्ञानदीपने घरातली सगळी दारं बिजागरीपासून काढली. बाहेरचं, बाथरूमचं, कपाटाचं, फ्रिजचं. प्रीतीने एकेक पाना त्याच्या हातात दिला. आता बाथरूमला पडदा आहे. सोसायटीच्या तीन नोटिसा आल्यात. पण त्याचं म्हणणं सरळ आहे. दार नसलं की "लावलं?" या प्रश्नाचं खरं उत्तर एकच उरतं.

रोज सकाळी तो सगळ्या चौकटींसमोर उभा राहून रिपोर्ट देतो. "बाहेरचं, नाही. बाथरूमचं, नाही. कपाटाचं, नाही."

मी एकदा स्वतः गेलो होतो तिथे. त्याने रिपोर्ट दिला. सगळं शांत झालं. मी निघालो, बाहेरच्या रिकाम्या चौकटीतून पाय टाकला आणि मागे ऐकलं...

धप्.

मागे वळून चौकटीत हात घालायची माझी हिंमत झाली नाही. प्रीती घरात होती. ज्ञानदीप घरात होता. ते दोघं बाहेर येऊ शकले की नाही, हे मी अजून विचारलेलं नाही.

अर्जाची प्रत माझ्याकडे आहे. मूळ हिंदीत आहे, तुमच्यासाठी मराठीत देतो. दर सोमवारी तो ईमेलने एक नवी प्रत पाठवतो. आवक क्रमांक मिळतो. उत्तर मिळत नाही.

"प्रति, मा. पोलीस ठाणे प्रभारी. विषय: दार नसल्याची नोंद होणेबाबत.

महोदय, वरील प्रकरणी आपण तपासलेले डावे पुढचे दार अपघाताच्या वेळी अस्तित्वात नव्हते, असे कृपया मानण्यात यावे. मृताने ते उघडले नाही, कारण नसलेले दार उघडता येत नाही. सबब, मृताच्या चोवीस वर्षांच्या बिनअपघाती सेवेत दिनांक अकरा ऑक्टोबर हा दिवसही धरण्यात यावा. तसेच सदर मृत हे अद्याप डाव्या सीटवर रिपोर्टची वाट पाहत बसलेले असून, त्यांना आपल्या कार्यालयाच्या सही-शिक्क्यानिशी गाडीतून उतरण्याचा लेखी आदेश देण्यात यावा. माझ्या सांगण्यावर त्यांचा आता विश्वास राहिलेला नाही."