फोटोत नसलेली करवली

“पुसून टाक! आत्ताच्या आत्ता पुसून टाक ही रांगोळी!”

महालक्ष्म्यांना जमलेल्या शेजारणींच्या देखत मैनाबाईंनी ओलं फडकं सुनेच्या अंगावर भिरकावलं आणि समीक्षाच्या काळजाचं पाणी पाणी झालं! सकाळपासून कंबर मोडून काढलेली रांगोळी... रेघ न् रेघ सूत धरून ओढलेली...

“काय चुकलं, आत्याबाई?”

“वरून इचारतं, काय चुकलं! साऱ्या रेघा वाकड्या. नाचता येईना अन् अंगण वाकडं!”

समीक्षा निमूट वाकली. हे आजचं का होतं? महिनाभर तिची भाकरी वाकडी होती, शिवण वाकडी होती, कपाळावरची टिकलीसुद्धा वाकडी होती. माहेरच्यांचा उद्धार तर रोजचाच. सासरे पुंडलिकराव मारका बैल एका हाकेत वळवत, पण बायकोपुढे त्यांची गोगलगाय होई. आणि नवरा अवधूत वडिलांचाच मुलगा! बोलायचं कोणाजवळ? आसवं गिळत ती रांगोळी पुसू लागली, तेवढ्यात दारात उभ्या मैनाबाई स्वतःशीच पुटपुटल्या,

“अन् ही चौकट काहून वाकून राह्यली? वाळवी लागली का काय?”

समीक्षाचा हात थांबला. चौकट सागवानी होती आणि पुंडलिकरावांच्या लग्नापासून जशीच्या तशी सरळ उभी होती.

ती उठून सासूच्या अगदी जवळ गेली. “आत्याबाई, माह्या तोंडाकडे पाहा. काय दिसते?”

मैनाबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, “तुहे कानातले दिसते. मधात... मधात काळा डाग हाये. तोंड नाई दिसत.”

अरे देवा! ज्या बाईची बोलणी महिनाभर खाल्ली, तिला आपला चेहराच दिसत नव्हता! समीक्षाचा सारा राग कुठल्या कुठे गेला. लहानपणी कापसाच्या पऱ्हाटीची काडी लागल्यापासून मैनाबाईंचा उजवा डोळा अधूच होता. जे काही जग होतं ते या एकट्या डाव्या डोळ्यात... आणि तोही चालला होता!

“मोतीबिंदू हाये तो,” मैनाबाईंनी निकाल दिला. “पिकू दे आधी. कच्च्या मोतीबिंदूले कोन हात लावते? कापसाची वेचनी निघू दे, मंग पाहू.”

गावात सगळे असंच म्हणत. आंबा पिकतो तसा मोतीबिंदू पिकतो म्हणून कित्येक जण ओसरीवर वाट पाहत बसलेले होते. पण समीक्षा ऐकेना. आयुष्यात पहिल्यांदाच ती सासूला उलटून बोलली, हाताला धरून जीपमध्ये बसवलं आणि दारव्ह्याहून थेट यवतमाळ गाठलं.

डॉक्टरीणबाईंनी डोळा तपासला आणि मान हलवली. “मोतीबिंदू नाही हा. डोळ्याच्या मागच्या पडद्यातून रक्त परत नेणारी शीर तुंबलीये. रक्त पुढे सरकेना म्हणून मागे फुगवटा आला, दाह सुरू झाला, शिरेतून पाणी झिरपलं आणि नजरेचा नेमका मधला भाग सुजला. त्या सुजेवर सरळ रेघ वाकडीच दिसणार. बीपीची गोळी रोज घेता ना?”

“डोकं दुखलं का घेतो ना!” मैनाबाई अभिमानाने म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला.

“म्हंजे दांड तुंबला अन् पानी बांध फोडून वावरात शिरलं, असंच ना?” मैनाबाईंनी विचारलं.

“अगदी तसंच. आणि पाणी फार दिवस साचलं तर पीक सडतं. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल.”

डोळ्यात सुई! ऐकताच मैनाबाई चपला तिथेच टाकून पसार झाल्या. सोबत आलेल्या अवधूतने त्यांना बस स्टँडवरून धरून आणलं. शेवटी एकाच अटीवर त्या टेबलावर आडव्या झाल्या. “समीक्षानं हात धरला तरच. दुसरं कोनी नाई पाह्यजे मले.”

सुया झाल्या, पण सूज म्हणावी तशी उतरेना. “दाह फार आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “या खेपेला त्यावरचंच औषध डोळ्यात सोडू. तारीख मात्र चुकवू नका. सूज मुरली, तर गेलेली नजर मलाही आणता येणार नाही.”

तारीख ऐकून समीक्षाच्या पायाखालची जमीन सरकली. त्याच दिवशी आर्णीला अंकुरचं लग्न होतं... तिच्या पाठच्या एकुलत्या एका भावाचं! करवलीचं जरीचं लुगडं घडीत वाट पाहत होतं. पण सासूला खरं सांगितलं तर? ती कजाग बाई पहिली म्हणेल, भावाच्या लग्नात बहीण नाई म्हंजे काय? खड्ड्यात गेली सुई! आणि मग डोळाही खड्ड्यात...

“लग्न पुढच्या हप्त्यात हाये, आत्याबाई,” समीक्षा शांतपणे खोटं बोलली. पत्रिका वाचायला मैनाबाईंना कुठे दिसत होतं! अवधूत लेकीला, खुशीला घेऊन परस्पर आर्णीला गेला. माय विचारेल तर कापूस विकायला गेला, एवढंच सांगायचं ठरलं.

सुई झाली आणि दवाखान्याच्या बाकावर समीक्षाचा फोन वाजला. मागे मंगलाष्टकांचा गजर... आणि आईचा, हंसाबाईंचा कडवट आवाज. “सासूपायी सख्खा भाऊ इसरली ना, बाई! आता येऊच नको आमच्या दारात.”

फोन बंद झाला. शेजारी पट्टी बांधून बसलेल्या मैनाबाईंनी हुंदका ऐकला. “काहून रडतं वं?”

“तुमची सुई पाहून कसंतरीच झालं.”

“लय भित्री हायेस बाप्पा तू!” असं म्हणून मैनाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच!

पुढच्या हप्त्यात समीक्षा लुगडं नेसून लग्नाला म्हणून निघाली. धुळीत जायची मनाई, म्हणून मैनाबाई घरीच राहिल्या. आर्णीच्या बाजारात उगाच फिरून ती संध्याकाळी परतली, आणि “लग्न चांगलं झालं,” म्हणाली.

आणि औषध लागू पडलं! पुढच्या तपासणीला मैनाबाईंनी समोरच्या पाटीवरची अक्षरं खालच्या ओळीपर्यंत खडाखडा वाचली आणि वर विचारलं, “आनखी हाये का?” सूज ओसरली होती, रक्ताने आजूबाजूने वाट काढली होती. तपासण्या चालूच राहणार होत्या, गोळी रोज घ्यायची होती. पण नजर वाचली होती! समीक्षा भर दवाखान्यात ओक्साबोक्शी रडली.

घरी येताच मैनाबाईंनी अवधूतचा मोबाइल हिसकावला. “दाखव अंकुरच्या लग्नाचे फोटो. आता मले सारं दिसते!”

सारं दिसलं. नवरी मिताली दिसली, खुशी दिसली, कापूस विकायला गेलेला अवधूतही फेटा बांधून दिसला. त्या परत पहिल्या फोटोपासून पाहू लागल्या.

“समीक्षा कुठी हाये?”

अवधूत मोबाइल परत घ्यायला पुढे झाला.

“अवधूत, करवली कुठी हाये? बोल!”

“तुह्या हाताशी होती ना, माय... दवाखान्यात.”

मैनाबाईंच्या हातातला मोबाइल मांडीत पडला. “पोरी... म्या तुले काय काय बोलली... अन् तू माह्यासाठी भावाचं लग्न सोडलं? कायले केलं वं असं? कायले?”

“भाऊ पुन्हा दिसन, आत्याबाई. डोळा गेला असता तर तुमाले खुशी कशी दिसली असती?”

सासूने सुनेला पोटाशी धरलं. आर्णीचं दार बंद झाल्याचंही अवधूतने सांगून टाकलं. पुंडलिकराव खांबाआड तोंड लपवून डोळे पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी मैनाबाई सगळ्यांना घेऊन आर्णीला थडकल्या. हंसाबाईंनी लेकीकडे पाठ फिरवली. तशी मैनाबाई भर अंगणात त्यांचे हात धरून म्हणाल्या, “इहिणबाई, रुसाचं असन तर माह्यावर रुसा. तुमच्या पोरीनं माह्या डोळ्यापायी बोलनी खाल्ली, माहेर गमावलं, अन् तोंडातून चकार शब्द नाई काढला. असी लेक पोटी आली म्हनून मीच तुमच्या पाया पडतो!”

हंसाबाई वळल्या आणि लेकीच्या गळ्यात पडल्या.

“रडाचं मंग पाहू!” मैनाबाईंचा जुना आवाज कडाडला. “अंकुर, बायकोले घेऊन व्हय घराभाईर! बहिणीनं दार नाई अडवलं, तर गृहप्रवेश झाला कसा? पुन्हा ये!”

हसत-लाजत जोडपं पुन्हा उंबऱ्याबाहेर उभं राहिलं. दोन्ही हात पसरून समीक्षाने दार अडवलं.

“काय पाह्यजे, ताई?” अंकुरने विचारलं.

“तुह्या होनाऱ्या पोराले माह्या खुशीचा नवरा करशीन का?”

“मी नाई करत!” खुशी ओरडली, आणि सारं घर हास्यात न्हाऊन निघालं!

समीक्षाने मागे वळून पाहिलं. मैनाबाई मधोमध उभ्या होत्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण पदर काही वर जात नव्हता. पुसण्यात तेवढं पाहायचं राहून गेलं असतं!