रॅब किनलॉकचे बूट

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या. या वयात थापा मारून मला काही मिळायचं नाही. हे माझ्यावरच बेतलेलं आहे.

१९१२ चा डिसेंबर, शनिवारची दुपार. स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यातलं आमचं कोळशाच्या खाणींचं गाव, बॅलगार्वी. मी तिथल्या फुटबॉल क्लबकडून डाव्या बगलेला खेळायचो. इंग्लंडमधला एक क्लब मला न्यायला तयार होता, पण आमचे सेक्रेटरी लम्सडेन सोडायचं नाव घेत नव्हते. कोणाला राखून ठेवायचं त्याची यादी ते दर मे महिन्यात लीगकडे पाठवायचे. यादीत नाव असलं की संपलं. क्लबनं पगार दिला नाही तरी दुसरीकडे बॉलला पाय लावता येत नसे.

माझ्याआधी रॅब किनलॉक असाच तीन वर्षं अडकला. शेवटी पोटासाठी खाणीत उतरला आणि छत कोसळून तिथंच गेला. त्याचे बूट अजून आमच्या कपडे बदलायच्या खोलीत खुंटीवर होते.

त्या दुपारी धुकं इतकं की समोरचा गोल दिसेना. आम्ही अकराजण फळ्यांच्या वाटेनं मैदानाकडे निघालो. मी शेवटी होतो.

माझ्या मागे बुटांचा आवाज आला... टक्, टक्.

वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

खेळताना तर मी रेषेला चिकटून उभा होतो. तरी माझ्या डावीकडून... रेषेबाहेरून... पास आला.

अचूक पायात.

सामना संपला. सगळे आंघोळ उरकून पबकडे पळाले. गरम पाण्याच्या हौदात मी एकटा उरलो. सहज खुंटीकडे पाहिलं...

बूट नव्हते.

दाराकडे धावलो. दार हलेना. बाहेर फळ्यांवर तेच टक्, टक्... दाराशी येऊन थांबलं.

मग एक दमलेला आवाज आला, "सोडलं का रे मला?"

मी गळा फाटेस्तोवर ओरडलो. आमचा ट्रेनर डॉड धावत आला. त्यानं नुसता हात लावला आणि दार उघडलं.

बूट खुंटीवर होते. ताज्या चिखलानं माखलेले.

डॉडनं बोटानं तो चिखल चाचपून पाहिला. "लम्सडेन जुनी यादीच उतरवून काढतो," तो म्हणाला. "रॅबचं नाव अजून तिच्यात आहे."

सोमवारी मी लम्सडेनच्या दारात उभा राहिलो. रॅबचं नाव खोडा, आणि माझंही, म्हणून हातापाया पडलो.

ते हसले. "अरे, मेलेला माणूस सगळ्यात स्वस्त. राहू दे की. आणि तू कुठं निघालास?"

मे महिन्यात यादी गेली. आम्ही दोघंही तिच्यात होतो.

पुढं लढाई लागली, क्लब मोडला, लम्सडेनही वारले. माझ्या सुटकेचा कागद काही आला नाही. आज मी सत्तरीचा आहे आणि मरणापेक्षा त्याच्यानंतरचीच मला भीती वाटते.

मैदानावर आता घरं झाली आहेत. रॅबला विचारायला निदान मी तरी होतो.

मी कुणाला विचारायचं...?