निलंग्याहून लागलेली लाइन

मॉडेम बिघडणं म्हणजे भुताटकी नव्हे, हे मी गिऱ्हाइकांना सांगून सांगून थकलो होतो. बिघाड तारेत असतो, नाहीतर माणसात. त्या दुपारी नांदेडहून एसटीनं लातूरला उतरलो तेव्हाही माझं हेच मत होतं.

भूकंपाला पाच-सहा वर्षं झाली होती. ढिगारे उपसून झाले आणि लातुरात क्लासेसचं पीक आलं. गल्लीबोळात डॉक्टर-इंजिनिअर घडवायचे कारखाने निघाले. त्यातलाच एक शिवलिंगप्पा सरांचा. निलंग्याला त्यांची शाखा होती. तिथल्या कॉम्प्युटरनं फोन लावायचा, इथल्या मॉडेमनं तो उचलायचा, थोडा वेळ चिरचिर करून दोघं जोडले जायचे. मग निलंग्याच्या बाईला लातूरच्या ऑफिसातलं सगळं आपल्या पडद्यावर दिसायचं. आठवडाभर मात्र जोडणी लागत नव्हती, म्हणून दुरुस्तीला मला बोलावलं होतं.

"बाईला अक्कल न्हाई," सर टेबलावर छडी आपटत म्हणाले. मारकुटा माणूस, पोरांच्या पाठीवर हात चालता ठेवायची सवय. "भावजय हाय म्हणून ठेवलंय. भाऊ गेला भूकंपात."

मॉडेमची लाइनही त्या भावाचीच होती. नव्या फोनसाठी तेव्हा वर्षानुवर्षं थांबावं लागे, म्हणून सरांनी मेलेल्या भावाचं गावाकडचं कनेक्शन इथं फिरवून घेतलं होतं. असं बरेच जण करत. बिलं मेलेल्यांच्या नावानं येत आणि जिवंत माणसं ती मुकाट भरत.

मी दुसऱ्या फोनवरून निलंग्याला सरांच्या भावजयीला, जगदेवीबाईला गाठलं.

"ताई, तुमचा मॉडेम बंद ठेवा. मी सांगेन तेव्हाच लावा."

"बंदच हाय, महेबूबभाई."

रिसीव्हर मानेत दाबून मी इकडच्या मॉडेमचा आवाज मोठा केला. चिरचिर कुठं तुटते ते कानानं कळतं. तेवढ्यात भावाच्या लाइनवर रिंग आली.

"ताई, लावू नका म्हटलं ना!"

"म्या हात बी लावला न्हाई..."

मॉडेमनं फोन उचलला. चिरचिर झालीच नाही. आधी माती घसरल्याचा आवाज आला, बराच वेळ. मग धप्. ओल्या पोत्यावर पहार पडावी तसा. धप्. भर दुपारी, पंखा चालू असताना खोलीत पडक्या घरांच्या पांढऱ्या मातीचा वास भरला. मी हा वास विसरलो नव्हतो. मराठवाड्यात कुणीच विसरलेलं नव्हतं.

"अण्णा..." मॉडेममधून माणूस बोलला. तोंडात माती असावी. "म्या जित्ता हाय... दगूड काढ की..."

धप्.

"अण्णा... पहार नगं... अण्णा..."

मी सरांकडे पाहिलं. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. या माणसाच्या तोंडावर लख्ख ऊन पडलं होतं.

माझ्या कानाशी जगदेवीबाई अगदी हळू म्हणाली, "भाई, हे तर आमचे हायत... सिद्रामप्पा. मला तोंड बी दाखवलं न्हाई. भिंत पडली म्हणाले, आमच्या रीतीनं बसवून माती दिली म्हणाले. इतकी वर्सं म्या मनाला इचारायलेय... तुमी सरांला इचारा. तुमीच मारलं का म्हणून इचारा."

मला विचारायची गरजच पडली नाही.

"कंबरेखाली चेचला होता तो!" सर मॉडेमवर ओरडले. "तसा बी जगला नसता! म्या सोडवला त्याला... सोडवला!" आणि त्यांनी भिंतीतून फोनची तार हिसकून काढली.

तार त्यांच्या हातात लोंबत राहिली. धप्.

त्या आवाजासरशी सरांचं डोकं बाजूला फेकलं गेलं आणि कपाळ फुटलं. त्यांच्यापाशी कोणीही नव्हतं. मी विजेचं बटण बंद केलं, मॉडेमचे दिवे विझले. धप्. जबडा निखळला, दात फरशीवर सांडले. सर टेबलाखाली रांगत गेले. धप्. हात डोक्यावर घेतले तर बोटं मोडली. रिसीव्हरमध्ये जगदेवीबाई नुसत्या धापा टाकत होती. मी इतका घाबरलो होतो की पायजमा ओला झाल्याचंही मला नंतर कळलं. शेवटी त्यांच्या डोक्याचं डोकं राहिलं नाही, तेव्हा ते थांबलं.

बाहेरच्या कारकुनानं काचेतून सगळं पाहिलं होतं म्हणून पोलिसांनी मला सोडलं. दुसऱ्या दिवशी मी निलंग्याला गेलो. बाईनं जे विचारलं होतं त्याचं उत्तर समोर बसून द्यावं, एवढी माणुसकी माझ्यात आहे.

दारातच शाखेतल्या झाडलोट करणाऱ्या पंचशीलाबाई भेटल्या. म्हणाल्या, "बाई काल खुर्चीवरनं उठल्याच न्हाईत. फोन कानाला लावून नुसत्या बसलेल्या."

जगदेवीबाईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, रडली नाही. मला पाणी द्यायला तिनं तांब्या पुढे केला, आणि तिचे तळवे मला दिसले. दोन्हीवर दिवसभर पहार चालवल्यावर येतात तसे टपोरे फोड येऊन फुटले होते, कातडं सोलून निघालं होतं.

"ताई, हाताला काय झालं?"

तिनंही तळव्यांकडे माझ्याइतक्याच नवलानं पाहिलं.

"काल फोन ठिवला तवापासून," ती म्हणाली, "लई आग व्हायलीय."