मुठीतला एक दिवस

तासगावच्या एसटीत महेंद्रनं दोघांची जागा अडवली होती, एक स्वतःला आणि एक कॉम्प्युटरला. उभ्या असलेल्या स्वप्नानं विचारलं, "टीव्हीचं तिकीट काढलंय का?" गडबडून त्यानं कॉम्प्युटरचा तो पडदा मांडीवर घेतला, आणि पुढचा सगळा रस्ता दोघंही खिडकीबाहेर बघत राहिले...

ही एप्रिल सत्त्याण्णवची गोष्ट. दोघं उतरले एकाच थांब्यावर, लालासाहेबांच्या बेदाणा शेडपाशी. स्वप्ना तिथं देखरेखीला होती, महेंद्र कुपवाडच्या एका कारखान्यातून आलेला. त्याचं काम ऐकून शेडमधल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. जाळीवरच्या द्राक्षाचा बेदाणा व्हायला किती दिवस बाकी आहेत, हे तो कॉम्प्युटरवर दाखवणार होता. आणि द्राक्षाला तर काही जोडलेलंच नव्हतं! शेडमधली उष्णता, दमटपणा अन् वारा तेवढा मोजायचा, त्यावरून गणित व्हायचं आणि पडद्यावर एक काटा हलायचा. त्या काट्याचं खरं यंत्र शेडमध्ये शोधून कुठं सापडलं नसतं, ते फक्त गणितातच होतं.

स्वप्नाची रीत जुनी. मूठभर माल दाबायचा आणि मूठ उघडायची. दाणे सुटे झाले तर तयार, एकमेकांना धरून राहिले तर थांबायचं. तिचा हात चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. रोज संध्याकाळी महेंद्र तिला विचारायचा, किती दिवस बाकी? ती सांगेल त्या आकड्यानं तो आपलं गणित इथल्या हवेला बसवायचा. तिच्या मुठीकडं तो असा टक लावून बघायचा, की तिला ती लवकर उघडावीशीच वाटायची नाही. आणि म्हाताऱ्या बनुबाईलाही तो काट्याची करामत ज्या आदरानं समजावून सांगायचा, ते बघून स्वप्ना पुरती हरली होती.

चौदावा दिवस उजाडला. उद्या लालासाहेब स्वतः बघायला येणार होते. काटा चुकला तर महेंद्रची नोकरी जाणार होती. आणि तो चुकणार, हे फक्त तिलाच ठाऊक होतं.

"आवं... एक सांगायचं हाय," ती म्हणाली. "मी तुमाला रोज एक दिवस जास्तीचा सांगितला. माल उद्याच तयार होतोय."

"का?"

"माल उतरला की तुमी जाणार... म्हणून."

महेंद्रनं वही जवळ ओढली. आता हा पुन्हा आपलं तोंड बघणार नाही, असं तिला वाटलं. मग त्यानं हळूच वही उघडली.

"पुस्तकातलं गणित रोज एक दिवस कमीच सांगत होतं," तो म्हणाला. "मी पुस्तक चुकीचं धरलं. तुमचा हात चुकंल, हे मनातच आलं न्हाई."

स्वप्नाला रडू फुटलं. त्यानं तिथंच बसून सगळे आकडे सुधारले.

दुसऱ्या दिवशी काटा शून्यावर टेकला, आणि लालासाहेबांसमोर स्वप्नानं मूठ उघडली. दाणे तळहातावर सुटे पसरले. "लय भारी रं गड्या," म्हणत लालासाहेबांनी पुढच्या हंगामाला आणखी चार शेडचं काम सांगून टाकलं.

ते गेल्यावर महेंद्र वायरी गुंडाळत घुटमळला.

"तुमच्या घरी बोलायला कवा येऊ?" त्यानं विचारलं. "या खेपंला खरा दिवस सांगा."

स्वप्नानं मुठीतले बेदाणे त्याच्या ओंजळीत रिकामे केले.

"आजच या की."