नख चिकटेपर्यंत

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत लेखक हा बाजाराच्या जिन्याखाली बसून किल्ल्या घासणारा मनुष्य असून, त्या जागेवरून पाहिलेली एक कोमल प्रेमकथा तो आपणांसमोर सादर करीत आहे. हिच्यात खलनायक नाही, मारामारी नाही. एक तरुणी, एक तरुण आणि दहा नखे, एवढाच हिचा पसारा. तरी शांत चित्ताने वाचावी.

काचेच्या छपराच्या त्या लांबट बाजारात दुपारचे ऊन गाळून घेतल्यासारखे उतरत असे. अंगठ्यांच्या दुकानातील तरुणी अंगठी उचलून दाखवी, तेव्हा खड्यांचे कवडसे छतावर नाचत. आणि समोरच्या सौंदर्यप्रसाधनांच्या गाळ्यातील तरुण त्या कवडशांकडे… की तिच्याकडे… पाहत राही, हे त्याचे त्यालाच ठाऊक.

एके दिवशी एका बाईंना अंगठी दाखवीत असताना त्या तरुणीच्या बोटावर चिकटवलेले गुलाबी नख सुटले, टुणकन उडाले आणि गुळगुळीत फरशीवरून घसरत थेट त्या तरुणाच्या पायाशी येऊन विसावले. बाई किंचाळल्या. दुकानाचे मालक, ज्यांना सारे काका म्हणत, ते कपाळाला हात लावून म्हणाले, "गिऱ्हाइकानं अंगठी बघायची, की तुझी नखं वेचायची?"

ती लगबगीने बाहेर आली. तळहातावर नख ठेवून तो उभाच होता.

"तुमचं काहीतरी पडलं…"

"माझं नाही. चिकटवलेलं आहे."

"बरं झालं. मी घाबरलोच होतो!"

ती हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. लहानपणापासून तिला नखे कुरतडण्याची सवय होती. महिनाअखेरपर्यंत हात नीटनेटके दिसले नाहीत, तर मागच्या खोलीत डब्या भरायला बसवीन, असे काकांनी बजावल्याचे तिने त्याला सांगितले. मागच्या खोलीला खिडकी नव्हती, आणि तेथे कवडसेही नव्हते.

"चिकटवायच्या आधी हाताला काय लावता?" त्याने विचारले.

"क्रीम. हात मऊ दिसायला नकोत?"

"तेलकट हातानं बाटलीचं झाकण तरी उघडतं का? नखाला धरायला जागाच ठेवत नाही तुम्ही!"

गाळ्याच्या आतून त्याच्या थोरल्या बहिणीचा आवाज आला, "अरे, भाषण काय देतोस? स्टूल दे तिला. एरवी कुणाला बस म्हणत नाहीस ते!"

संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर ती आली. तिने साबणाने हात धुऊन अगदी कोरडे पुसले. त्याने लाकडी काडीने नखांच्या मुळाशी चढलेली कातडी अलगद मागे सारली, जणू कळीची पाकळी दुखावू नये. मग घासणीने नखांवरून हलकेच हात फिरवला.

"चकाकी घालवताय? मी तर ती आणायला आलेय!"

"थोडं खरखरीत झालं की पकड येते."

शेवटी स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा. त्या गार स्पर्शाने ती शहारली.

"आता कशालाही हात लावायचा नाही," तो म्हणाला. "केसांनासुद्धा."

"आणि बट डोळ्यांवर आली तर?"

"तर… फुंकर मारा."

तिने फुंकर मारली. बट वर गेली, पुन्हा खाली आली. आतून ताईचा खोकला ऐकू आला.

मग गोंद लावून, मुळाच्या बाजूने टेकवून, त्याने एकेक नख दाबून धरले. वीस मोजेपर्यंत हलायचे नाही, असा नियम. अंगठ्याचे वीस भराभर संपले. परंतु करंगळीपर्यंत येता येता तेरा आणि चौदा यांच्यामध्ये एखादे स्वप्न मावेल एवढे अंतर पडू लागले.

"तेरानंतर काय येतं, विसरलात?"

"आठवतोय…"

ती नखे पुष्कळ दिवस टिकली. ती तरुणी दुसऱ्यांदा आली, तेव्हा महिनाअखेर जवळ आली होती. त्या सकाळी ताई भावाला चिडवीत म्हणाली होती, "इतकी पक्की बसवलीस, तर ती येणार कशाला, वेड्या? एखाद्या बोटाला स्पिरिट विसरत जा!"

थट्टाच ती. परंतु करंगळीपाशी येऊन त्याचा हात खरोखरच थबकला. न पुसता चिकटवले, तर दोन दिवसांत नख पडेल… आणि ती येईल. तेवढ्यात त्याच्या डोळ्यांपुढे ती बिनखिडकीची खोली उभी राहिली. त्याने करंगळीवर बोळा एकदा फिरवला, आणि पुन्हा एकदा.

महिनाअखेरीस काकांनी तिचे हात निरखून "हं" असे म्हटले. काकांच्या तोंडून एवढे निघणे म्हणजे हारतुरेच. ती कवडशांतच राहिली; परंतु गाळ्यात येईना. समोरासमोर असूनही मधली फरशी त्या तरुणास समुद्राएवढी रुंद वाटू लागली.

एका संध्याकाळी ती आली, ती मोकळ्या बोटांनी. कोमट पाण्यात बुडवून तिने नखे हळुवार काढली होती, आणि खाली तिची स्वतःची नखे वाढली होती, टोकाशी चंद्रकोरीसारखी पांढरी.

"कुरतडायला मिळालीच नाहीत ना," ती म्हणाली.

"छान… म्हणजे आता यायची गरज नाही."

"नाही."

तरीही ती स्टुलावर बसली.

"करंगळीवर बोळा दोनदा का फिरवलात हो त्या दिवशी?"

तो मान खाली घालून म्हणाला, "कारण एकदाही फिरवू नये, असं मनात आलं होतं. नख पडलं असतं, अन् तुम्ही आला असतात."

"आणि मला मागच्या खोलीत बसवलं असतं तर?"

"म्हणून तर दोनदा."

मग तिने करंगळी पुढे केली.

"मोज."

"पण… यावर काही लावलेलंच नाही."

"मोज रे. आणि तेरानंतर विसर."

त्याने ती करंगळी धरली. एक… दोन… आवाज हळूहळू विरत गेला. तेरा म्हणून तो जो थांबला, तो थांबलाच.

"चौदा रे, चौदा!" आतून ताई ओरडली. दोघेही खळखळून हसले, परंतु हात कोणी सोडला नाही.

वाचकहो, चौदा हा आकडा प्रस्तुत लेखकास जिन्याखाली अद्यापि ऐकू आलेला नाही. येथवर सोबत केल्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार. लेखणीला किल्लीइतकी धार नाही, हे सांभाळून घ्यावे.

आपला नम्र,
बंडूनाना किल्लीवाला