पुढचं डावं चाक

लालमहंमदना आहुप्याच्या कड्यावरून खालचं कोकण बघायचं होतं, आणि तेही लवकर! काचबिंदूमुळे त्यांची नजर कडेकडेनं मिटत चालली होती. उभी हयात ट्रक हाकला, घाट उतरले, पण थांबून दरी बघायला सवड होती कुणाला? म्हणून त्यांची लेक नजमुन्निसा, चाकणच्या एका कंपनीची स्टाफ बस चालवणारी, हिनं एक जुनी मिनीबस घेतली. कासारवाडीच्या गॅरेजात तिच्यात पलंग, शेगडी, पाण्याची मोठी टाकी बसवून घेतली आणि चाकांवरचं घर उभं केलं.

निघताना मोशीच्या हवावाल्यापुढे अब्बांनी फर्मान सोडलं, "ऊन बघ कसलं हाय! हवा तापली की फुगते. पंधरा पॉइंट कमी ठेव."

"अब्बा, टाकी भरलीय. लोड आहे गाडीवर," नजमुन्निसा म्हणाली.

"मला शिकवतीस व्हय?"

म्हाताऱ्या ड्रायव्हरपुढे कोण तोंड उघडणार? ती गप्प बसली, आणि तिथंच चुकली! उन्हात हवा कमी ठेवायची, ही ड्रायव्हर लोकांची मोठी लाडकी समजूत, पण साफ खोटी. कमी हवेचा टायर ओझ्याखाली चेपत राहतो आणि आतून भाजून निघतो.

चाकणच्या चौकात कंटेनरांच्या गर्दीनं नाकी नऊ आणले. तिथून सुटले, तर पुढं घोडेगावपर्यंत डांबर नुसतं भट्टीसारखं तापलेलं. शेजारच्या सीटवर तिची कंपनीतली मैत्रीण विजयश्री, मूळची लातूरची, ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसली होती. अब्बा मागं पलंगावर आडवे. "सीटवर बसा, पट्टा लावा," म्हणून दोघींनी घसा कोरडा केला, पण ऐकतील ते अब्बा कसले!

डिंभे धरणाचं पाणी मागं पडलं आणि जंगल सुरू झालं. करवंदीच्या जाळ्या, हिरडे, लाल मातीची दरड, वळणावळणाची अरुंद वाट. डावीकडे खोल दरी होती आणि कठडा नावालासुद्धा नव्हता.

धडाम्!

पुढचं डावं चाक फुटलं. गाडी डावीकडे ओढली गेली, थेट दरीकडे!

"ब्रेक मार की गं!" विजयश्री किंचाळली.

नजमुन्निसाचा पाय उचलला गेला. ब्रेकवर जायलाच निघाला होता! पण स्टाफ बसच्या ट्रेनिंगमध्ये घोकून घेतलं होतं, टायर फुटला की ब्रेक विसरायचा, गाडी सरळ राहण्यापुरता वेग ठेवायचा. आत्ता ब्रेक दाबला तर गाडी फिरणार, कलंडणार, आणि मागं अब्बा मोकळे पडलेत!

तिनं पाय ॲक्सिलरेटरवर ठेवला. किंचित दाबला. दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळलं. गाडी डावीकडे खेचत होती, ती उजवीकडे धरून होती. झटका नाही. फक्त धरून ठेवायचं! दंडांना पेटके आले. रबराच्या चिंध्या पत्र्यावर थाडथाड आपटत होत्या. आणि समोरच्या वळणातून एसटी आली!

आता उजवीकडे तसूभरही जागा नव्हती. "सरळ! सरळच!" ती स्वतःलाच ओरडून सांगत होती. एसटी आरसा घासून निघून गेली. पुढं चढ लागला. तिनं हळूच पाय उचलला. चढानंच गाडीचा वेग खाल्ला. दरडीच्या बाजूला रुंद माती दिसली, तिकडे गाडी अलगद घेतली आणि अगदी शेवटी ब्रेक लावला.

"अब्बा!"

"जिवंत हाय," मागून आवाज आला. पलंगावरून खाली पडले होते, कपाळाला खोक. नजमुन्निसानं त्यांना मिठी मारली आणि ढसाढसा रडली. विजयश्रीनं गुपचूप खोकेवर हळद दाबली.

स्टेपनी चढवली. अब्बा कपाळ धरून म्हणाले, "चल, कडा जवळच हाय."

नजमुन्निसानं त्यांचा हात धरून मागच्या चाकाजवळ नेला. टायर इतका तापला होता, की त्यांनी हात झटकन मागं घेतला. 

"सगळे असेच तापलेत. वर चढायचं नाही. टायर निवले की हळूहळू घोडेगावला जायचं, तिथं हवा भरायची आणि सावकाश घरी."

"मग मी कडा कधी बघू? डोळे राहतील का तवर?"

नजमुन्निसानं त्यांच्या कपाळावरची हळद पुन्हा नीट दाबली.  

"डोळे गेले तर मी बघून सांगीन, अब्बा. तुम्हीच गेलात तर मी कुणाला सांगू?"

 चाकापाशी टेकलेला म्हातारा लेकीच्या खांद्याचा आधार घेत उठला.

"वळव गाडी," तो म्हणाला.