खाणीतलं हरवलेलं वायफाय

"काका, उघडा ना दार! मला थंडी वाजतेय!" दहा वर्षांचा एलोफ उड्या मारत म्हणाला.

"अरे, एक मिनिट! बटण दाबतोय ना!" हेनिंगकाका लॅपटॉपवर वाकले. त्यांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग इतक्या जोरात दाबलं, की टेबल हललं. दार मात्र ढिम्म!

ते दार म्हणजे स्वीडनमधल्या स्वार्तबूच्या जुन्या चांदीच्या खाणीतल्या मोठ्या दालनाचं पोलादी दार. शरद ऋतूची सुट्टी लागली होती आणि तूवा, तिचा धाकटा भाऊ एलोफ आणि त्यांचा मावसभाऊ सिक्स्टेन आजोबांकडे राहायला आले होते. आजोबांचे शेजारी हेनिंगकाका खाणीत पर्यटकांना फिरवत. आज खाण बंद असूनही ते खास मुलांसाठी त्यांना जमिनीखाली साठ मीटर घेऊन आले होते आणि सगळे आत शिरताच दार मागून मिटलं होतं. आजोबांचे गुडघे दुखत होते, म्हणून ते वर कॉफीचा थर्मास घेऊन बाकावर बसले होते.

"हे दार आतून हाताने उघडत नाही?" तूवाने विचारलं.

"हाताने? मागच्या वर्षी सगळं बदललं मी! दार, पंप, दिवे, सगळं या लॅपटॉपवरून. वायफायने!" काकांचा ऊर अजूनही अभिमानाने भरलेला होता. "कडीबिडी काढूनच टाकली."

"आणि बाहेरून?"

"बाहेरून किल्ली लागते." काकांनी खिशातलं जुडगं खुळखुळवलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "दोन्ही किल्ल्या... माझ्याकडेच आहेत."

"शाब्बास!" तेरा वर्षांचा सिक्स्टेन पुटपुटला.

तेवढ्यात कोपऱ्यातून 'गुडुप्' असा आवाज आला. तिथे जमिनीत पाण्याची एक विहीर होती. खाणीत झिरपणारं सगळं पाणी तिच्यात जमायचं आणि पंप ते वर फेकायचा. मघापासून त्या पंपाची घरघर चालू होती.

आता ती ऐकू येत नव्हती!

"पंप बंद पडलाय," तूवा हळूच म्हणाली.

काकांना घाम फुटला. "एरवी तो आपोआप चालतो, पण लॅपटॉप इथे एकदा जोडला, की दर अर्ध्या तासाने त्याला लॅपटॉपकडून निरोप जावा लागतो. निरोप गेला नाही, की तो थांबतो. पण हे वायफाय जोडलंच जात नाहीये! सकाळी घरी अपडेट घ्यायला सांगितलं होतं, अर्ध्यावरच झाकण मिटून घेऊन आलो. इथे उघडल्यावर आधी जोडलं गेलं, मग उरलेलं अपडेट पूर्ण झालं आणि तेव्हापासून हे असं!"

"आपत्कालीन शिडी?" सिक्स्टेनने विचारलं.

"तिच्या पायऱ्या काढल्यात. दुरुस्तीला. जूनपासून."

विहिरीच्या काठावरून पाण्याची एक काळी जीभ फरशीवर सरकत आली. फोनला इथे रेंज नव्हती. वरच्या आजोबांना खाली काय चाललंय याचा पत्ताही नव्हता. भिंती चारही बाजूंनी जवळ सरकल्यासारख्या वाटू लागल्या.

एलोफने तूवाचा हात घट्ट धरला. "ताई, पाणी कुठपर्यंत येईल?"

"आपण ते येऊ देणार नाही," ती म्हणाली.

"ए, आधी वायर!" सिक्स्टेन ओरडला. लॅपटॉपची वायर जमिनीलगतच्या प्लगमध्ये होती आणि पाणी तिकडेच निघालं होतं! त्याने कोरड्यातून उडी मारून प्लग उपटला. पडद्यावर बॅटरीचा आकडा दिसू लागला, एकोणीस टक्के.

"आता मी सगळं पुसून नव्याने टाकतो!" काका बाह्या सरसावून पुढे आले.

"पुसून? मग पंपाचा प्रोग्रॅम?" सिक्स्टेनने विचारलं.

"तो... तोही जाईल. पण काहीतरी केलंच पाहिजे ना! तुम्ही मुलं हात लावू नका. लहान आहात!"

तूवाने सिक्स्टेनकडे पाहिलं. सिक्स्टेनने एलोफकडे. एलोफच्या डोळ्यांत चमक आली.

"काका, पंपाच्या त्या वर जाणाऱ्या पाइपवर लोखंडी पहार आपटली, तर आवाज वरपर्यंत जाईल का हो?"

"जाईल की! पूर्वी असेच इशारे द्यायचे."

"मग तुम्हीच आपटा ना! आमच्यात कुठे एवढी ताकद!"

काका फुशारले आणि पहार घेऊन दालनाच्या दुसऱ्या टोकाला गेले. ठण्! ठण्! ठण्! लॅपटॉप मोकळा झाला.

"वायफाय बंदच तर ठेवलं नाहीये ना?" तूवाने तपासलं. "नाही, चालू आहे. विमान मोडही नाही."

"बाहेरचा राउटरच मेला असेल," एलोफ म्हणाला.

सिक्स्टेनने स्वतःचा फोन काढला. "मेला नाहीये! हे बघ, माझ्या फोनला 'स्वार्तबू' नावाचं वायफाय दिसतंय. पण त्यावर फक्त दार आणि पंप आहेत, बाहेरचं इंटरनेट नाही. आणि प्रोग्रॅम फक्त लॅपटॉपमध्ये."

"म्हणजे लॅपटॉपचंच वायफाय बिघडलंय," तूवा म्हणाली.

"थांब, तेही बघू." त्याने फोनचा हॉटस्पॉट चालू केला. लॅपटॉपच्या यादीत लगेच नाव उमटलं, 'सिक्स्टेनचा फोन'!

तिघं एकमेकांकडे बघत राहिले. राउटर ठीक. लॅपटॉपचं वायफायही ठीक. मग एकाला दुसरं दिसत का नाही?

पाणी बुटांपर्यंत आलं. बर्फासारखं गार! ते टेबलाजवळच्या बाकावर चढले. बॅटरी बारा टक्के.

"लॅपटॉप तर पार बावळट झालाय," एलोफ दात वाजवत म्हणाला. "इथलं तापमान चव्वेचाळीस दाखवतोय! चव्वेचाळीस! आणि माझं नाक गोठलंय!"

तूवाने मान वळवली. पडद्याच्या कोपऱ्यात खरंच '४४°' होतं. टेबलावरच्या तापमापकाची वायर तर नीट जोडलेली होती. शेजारी तारीख होती. तिच्यात महिना आधी आणि दिवस नंतर लिहिला होता.

"एलोफ, तू हुशार आहेस!" ती किंचाळलीच. "हे अंश आपले नाहीत, फॅरनहाइट आहेत! आणि तारीखही उलटी! अपडेटने देशच बदललाय. लॅपटॉपला वाटतंय, तो अमेरिकेत आहे!"

"असू दे ना! त्याचा वायफायशी काय..." सिक्स्टेन मध्येच थांबला. त्याने वळून हाक मारली, "काका! राउटर कितव्या चॅनलवर आहे?"

"तेराव्या!" ठण्! "मुद्दाम ठेवला! तिकडे कोणी येत नाही, गर्दी नसते!" ठण्!

सिक्स्टेनने कपाळावर हात मारला. "बाबा घरोघर राउटर बसवतात, त्यांनी सांगितलं होतं मला. आपल्याकडे वायफायचे तेरा चॅनल वापरतात, अमेरिकेत बहुतेक अकराच. लॅपटॉप अकरापर्यंत ऐकतो आणि कान बंद करतो. स्वार्तबू तेराव्यावरून ओरडतंय आणि याला ऐकूच येत नाहीये!"

"देश कुठे बदलायचा?"

"सेटिंगमध्ये! लवकर, नऊ टक्के!"

तूवाची बोटं गारठली होती. चुकीचं पान उघडलं. पुन्हा मागे. पाणी आता घोट्याइतकं होऊन बाकाच्या पायांवर चढत होतं. अखेर यादी उघडली. खाली, खाली, आणखी खाली... स्वीडन! मग तिने वायफाय बंद केलं आणि पुन्हा चालू केलं.

यादी रिकामी होती.

एलोफने डोळे मिटून घेतले.

मग एक ओळ उमटली. 'स्वार्तबू'. आणि तिच्याखाली, आपलं आपणच, 'जोडलं गेलं'!

"पंप आधी!" सिक्स्टेन ओरडला. तूवाने बटण दाबलं. क्षणभर काहीच नाही. मग विहिरीतून खोकल्यासारखा आवाज आला आणि ती जुनी घरघर सुरू झाली! त्याबरोबर तिने दुसरं बटण दाबलं. पोलादी दार करकरत बाजूला सरकलं. साचलेलं पाणी दाराबाहेरच्या चढाच्या पायथ्याशी थबकलं आणि मागे विहिरीकडे वळलं.

काका पहार हातात धरून उभेच राहिले. "तुम्ही... काय केलंत?"

"देश बदलला!" एलोफ म्हणाला आणि पहिला धावत सुटला.

चढणीच्या मध्यावर त्यांना आजोबा भेटले. ठण् ठण् ऐकून, दुखरे गुडघे घेऊन ते कठड्याला धरत खाली उतरले होते. सत्तावीस वर्षं ते याच खाणीत पाळीचे मुकादम होते. आधी त्यांनी प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवला. "एक. दोन. तीन." मग हेनिंगकाकांकडे बघून, "चार."

सगळी हकीकत ऐकल्यावर ते काकांना म्हणाले, "हेनिंग, उद्या त्या दाराला आतून कडी लाव. आणि शिडी दुरुस्त झाल्याशिवाय इथे कोणालाही आणायचं नाही."

"हो," काका खाली मान घालून म्हणाले. मग त्यांनी तिघांसमोर हात पुढे केला. "मी तुम्हाला लहान म्हणालो. माझं चुकलं. बॅटरीबरोबर माझी अक्कलही संपत आली होती."

तिघांनी आळीपाळीने त्यांच्याशी हात मिळवला. एलोफने तर दोनदा!

वर थंड, लख्ख ऊन पडलं होतं. मुलं गवतावर बसून ओले मोजे पिळू लागली. तूवाचे हात अजून गारठलेलेच होते. आजोबांनी ते आपल्या खरखरीत पंजात धरले आणि ऊब येईपर्यंत सोडले नाहीत.

"माझ्या पाळीत चाळीस माणसं असायची," ते म्हणाले. "पाणी आलं, की धावणारे पुष्कळ. पाणी येत असताना विचार करणारे दोघंतिघंच. तुम्हाला मी डोळे मिटून पाळीत घेतलं असतं."

आजोबांच्या तोंडून याहून मोठं कौतुक आजवर कोणी ऐकलं नव्हतं.